बांगडी, वाटी आणि दहाचं नाणं : दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर पणती कशी काढावी

कंपासपेटीतलं कर्कटक राहू द्या. त्याचं टोक कार्डाच्या ऐन मधोमध भोक पाडतं आणि ते शेवटपर्यंत दिसत राहतं. घरातल्या गोल वस्तूंना ही खोड नाही.

कागद जरा जाड घ्या, २०० ते २५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). ए४ कागद आडवा मधोमध दुमडला की १४.८ बाय २१ सेंमीचं कार्ड होतं. जाड कागद थेट दुमडला तर घडीवर तडकतो. म्हणून आधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने त्या रेषेवर दाबून ओढा, मग दुमडा.

आता ज्योत. २.४ मापाची साधी, नक्षी नसलेली बांगडी घ्या. हे माप म्हणजे २ पूर्णांक ४/१६ इंच, आतून साधारण ५७ मिमी. पेन्सिल बांगडीच्या आतल्या कडेनेच फिरवा. बाहेरून फिरवली की ती बांगडीच्या गोलाईवर कलते आणि रेघ हलते. एक वर्तुळ हलक्या हाताने काढा, बांगडी ४ सेंमी बाजूला सरकवा, दुसरं काढा. दोन्ही वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तिथे पावणेदोन सेंमी रुंद आणि ४ सेंमी उंच ज्योत तयार मिळते. कमी सरकवलीत तर ती फुगते, पिंपळपानाच्या वाटेला लागते; जास्त सरकवलीत तर समईच्या वातीसारखी बारीक होते. तीन-चार ज्योती रद्दी कागदावर काढून बघा आणि आवडेल ती निवडा. नको असलेल्या रेघा लगेच खोडून टाका.

ज्योतीच्या खाली पणती. आमटीची वाटी पालथी ठेवून तिच्या काठाचा फक्त खालचा अर्धा भाग गिरवा. वरची दोन टोकं सरळ पट्टीने जोडू नका, पणतीची परात होते! जेवणाच्या ताटाची कड त्या दोन टोकांना टेकवा आणि तेवढाच तुकडा काढा. वरची कड जेमतेम अर्धा सेंमी खाली झुकते आणि पणतीला खोलगटपणा येतो.

कार्डाच्या खालच्या, १४.८ सेंमीच्या कडेला झालर हवी असेल तर १० रुपयांचं नाणं, २७ मिमीचं. रुपयाची नवी-जुनी नाणी लहानमोठी निघतात, ती सरमिसळ करू नका. सुरुवात कोपऱ्यातून नको. पहिलं अर्धवर्तुळ मधोमध, मग दोन्हीकडे दोन-दोन. अशी ५ बसतात आणि दोन्ही टोकांना साडेसहा मिमी सारखंच उरतं.

आकार कापून चिकटवायचा असेल तर तो रंगीत कागदाच्या मागच्या बाजूला काढा, म्हणजे खोडरबर लागतच नाही. कापताना कात्री स्थिर ठेवून कागद फिरवायचा.

आणि हे कार्ड आहेराच्या पाकिटात मावत नाही, तेव्हा मोठं पाकीट आधीच आणून ठेवा.