थट्टेची सुरुवात साहेबांनी स्वतःपासून करावी

जळगावची डाळमिल असो वा धुळ्यातले एखादे कार्यालय, कामाच्या ठिकाणी हसतेखेळते वातावरण हवे असेल, तर व्यवस्थापकाने पहिला विनोद स्वतःवर करावा. कारण साहेब हाताखालच्या माणसाची थट्टा करतात तेव्हा त्याला उलट उत्तर देता येत नाही आणि बाकीचे हसतात ते बहुधा भिडेखातर. कुणाच्या दिसण्यावर, जातीवर, पगारावर किंवा अहिराणी ढंगाच्या बोलण्यावर विनोद करू नये. मात्र एखादा सहकारी अहिराणीतून किस्सा रंगवून सांगू लागला, तर बैठक दोन मिनिटे लांबली तरी त्याला थांबवू नये.

हिवाळ्यात भरीत पार्टी ठरवणे हा खानदेशातला सर्वांत सोपा उपाय आहे. ती रविवारी न ठेवता कामाच्या दिवशी, दुपारच्या सुट्टीला जोडून ठेवावी, म्हणजे ज्यांना घरी लवकर परतायचे असते त्यांनाही बसता येते; वर्गणीची सक्ती करू नये. वांगी कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजली जात असताना साहेबांनी भाषण न करता हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचायला बसावे. डोळ्यांतून पाणी वाहणाऱ्या साहेबांना शिपाईही बिनधास्त चिडवतो, आणि त्यांनी ते हसून घेतले की पुढचे काम आपोआप होते.

अपघातानंतर किंवा पगार लांबला असताना मात्र गंमत आवरती घ्यावी. ग्रुपवर रोज सकाळी ढकललेले विनोद तर कधीच नकोत. त्यांना दाद म्हणून अंगठ्याचे चिन्ह पाठवणे हेही कर्मचाऱ्यांसाठी एक कामच होऊन बसते.