‘काम काय करता, मावशी?’

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला मेडिसिनच्या वॉर्डात पोस्टिंग लागली आणि पहिलीच केस मिळाली ती निपाणीकडच्या एका मावशींची. सहा महिन्यांचा खोकला, चढ चढताना धाप. मी पाठ केलेले प्रश्न ओळीने विचारत गेले. बिडी-सिगारेट ओढता? नाही. काम काय करता? ‘घरीच असते.’ वहीत लिहिलं: गृहिणी, व्यसन नाही. केस सांगून झाली, सर पुढच्या खाटेकडे वळले, तेवढ्यात मावशींनी माझा एप्रन हळूच ओढला.

‘पोरी, घरात बसून काय करतीस, ते इचारलं न्हाईस की.’

आणि बोटं पुढे केली. वीस वर्षं रोज हजारभर बिड्या वळलेली बोटं. मांडीवर सूप, वाऱ्याने तंबाखू उडू नये म्हणून लावून घेतलेलं दार, आणि दिवसभर नाकातोंडात जाणारी धूळ. पान भिजवणं, कातरणं, भरणं, दोरा बांधणं, सगळं त्यांनी मला हाताने करून दाखवलं. निपाणीच्या पट्ट्यात बायकांच्या खोकल्याबद्दल विचारताना काय विचारायचं, हे मी त्या पाच मिनिटांत शिकले.

यंदा सीमाभागातून एमबीबीएसला गेलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ (डॉक्टरची वृत्ती, नीती आणि संवाद) नावाचा भाग आहे आणि त्यात पहिल्याच वर्षी ‘रुग्ण असणं म्हणजे काय’ असा विषय येतो. तो तास हजेरीपुरता बसून काढू नका. पुढे गावातली काही कुटुंबं तुमच्याकडे सोपवली जातील, त्यांच्या घरी वर्षानुवर्षं जायचं असतं. तिथे बीपीचं यंत्र बाहेर काढायच्या आधी चुलीपाशी बसा. इन्सुलिन असलेल्या घरात फ्रीज नसेल तर ते कुठे ठेवता, हे विचारा. माठाच्या गारव्यात, पाणी लागू न देता कुपी कशी जपायची, हे मला खानापूरकडच्या एका आजींनी दाखवलं.

खाटेपाशी गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते ठरवून ठेवा. मी म्हणते, ‘मी अजून शिकतेय, डॉक्टर झालेली नाही. तुमच्याकडून शिकायला आलेय. बसू का?’ नको म्हणाले तर उठायचं आणि त्याचा उपचारांशी काही संबंध नाही, हे सांगूनच उठायचं. गोकाक, बैलहोंगलचे रुग्ण कन्नडच बोलणार. ‘एल्ली नोवु ऐत्रि?’ एवढं विचारता आलं तरी समोरचा माणूस खुलतो, चुकलेला शब्द स्वतः सुधारून देतो. माझं कन्नड वॉर्डातच झालं. पण आपल्या मराठीतही सावध राहा. कळ, चमक, ठणका, रग, मुंग्या या सगळ्यांना केसपेपरवर ‘दुखणं’ म्हणून मोकळं होऊ नका. रुग्णाचा शब्द जसाच्या तसा लिहा, निदानाची वाट बरेचदा त्यातूनच सापडते.

पोट तपासायला मला बेळगुंदीच्या एका काकांनी शिकवलं. ‘बाळा, हात गार लागूलालाय. आधी चोळून घे, आन माझ्या तोंडाकडं बघ.’ दुखतं तिथून लांब सुरुवात करायची आणि नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवायची, हे पुस्तकात मी वाचलेलंच होतं. हाताला मात्र ते त्यांच्यामुळे कळलं. तेव्हापासून तपासून झाल्यावर मी प्रत्येकाला विचारते, ‘माझं काय चुकलं? कुठे दुखवलं का?’ लोक आधी संकोचतात. थोडं थांबलं की सांगतात.

एका गोष्टीची मला अजून लाज वाटते. हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेला एक तरुण वॉर्डात होता. स्टेथोस्कोप दिसला की तो आपणहून डाव्या कुशीवर वळायचा, कारण त्या झडपेचा वेगळा आवाज, म्हणजे मर्मर, तशीच नीट ऐकू येते. आमची अख्खी बॅच त्याच्या छातीवर कान लावून गेली. दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन तो का चुकवतो, हे आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. त्या दिवसाची मजुरी बुडायची, म्हणून. तिसऱ्या विद्यार्थ्यानंतर रुग्णाला उसंत द्या, पांघरूण नीट करा आणि ‘हे तपासणं पुरे झालं’ असं म्हणायला कचरू नका.

अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञांनी 1963 मध्ये रुग्णाची भूमिका करणारी माणसं तयार करून विद्यार्थ्यांना शिकवायला सुरुवात केली. परीक्षेला ती पद्धत फार उपयोगी आहे, प्रत्येकाला सारखाच प्रश्न मिळतो. तरी मला वाटतं, वीस वर्षं बिड्या वळून जडलेला खोकला अभिनयात येत नाही.

आता मी शिकवते. दर बॅचला एक दिवस रुग्ण खुर्चीवर आणि आम्ही सगळे समोर सतरंजीवर बसतो. 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे, त्यामुळे मावशींना भाड्याची चिंता नसते. बुडालेली मजुरी मात्र आम्ही हातात देतो, चहा-नाश्त्यावर भागवत नाही. पहिल्या वेळी निपाणीच्या त्याच मावशी आल्या होत्या. त्यांनी सूप, पानं आणि तंबाखू आणली, दार लावायला सांगितलं आणि पोरांना मांडी घालून बसवलं. दहा मिनिटांत तिघांना शिंका आल्या, एकाचे डोळे चुरचुरले.

मावशी म्हणाल्या, ‘हां. आता इचारा.’