वर्तुळावरचे प्रश्न: आधी त्रिज्या काढा, मग गणित

आकृतीत केंद्र दिलं असेल, तर पहिली रेघ त्रिज्येची. जीवा दिसली की तिच्या टोकाला त्रिज्या जोडा आणि केंद्रातून जीवेवर लंब टाका. हा लंब जीवेला दुभागतो. त्रिज्या १३, जीवा २४ असेल, तर अर्धी जीवा १२ आणि पायथागोरसने अंतर ५. इथे १२ऐवजी २४ घेतलं की वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. तसं झालं तर आधी हीच चूक तपासा.

स्पर्शिका असेल तर स्पर्शबिंदूपाशी त्रिज्या काढून काटकोनाची खूण करा. केंद्रापासून १७ अंतरावरचा बिंदू, त्रिज्या ८, म्हणजे स्पर्शिकाखंड १५.

सगळ्यात जास्त गुण जातात ते कोनांत. अंतर्लिखित कोन केंद्रीय कोनाच्या निम्मा असतो हे पाठ असतं, पण कोणत्या कंसाच्या हे बघितलं जात नाही. कोन कखग = १००°, ख हे केंद्र. बिंदू घ विशालकंसावर असेल, तर कोन कघग ५०°. तोच लघुकंसावर असेल, तर समोरचा कंस २६०°चा, म्हणून कोन १३०°. पर्यायांत ५० आणि १३० दोन्ही असतील, असं धरूनच चाला.

वर्तुळपाकळीसाठी वेगळी सूत्रं कशाला? ७२° म्हणजे वर्तुळाचा पाचवा भाग. त्रिज्या १० असेल, तर क्षेत्रफळ २०π, कंस ४π. परिमिती विचारली असेल, तर दोन त्रिज्या मिळवा: ४π + २०. पर्यायांत π असेल, तर ३.१४ घालू नका.