प्रमुख वक्ता बोलावताना या चुका टाळा

नागपुरात परिषदांचा हंगाम दसरा-दिवाळी आटोपली की सुरू होतो आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो. डॉक्टरांच्या संघटना, अभियांत्रिकी महाविद्यालयं, व्यापारी मंडळं, सहकारी बँका, सगळ्यांना याच दिवसांत बीजभाषणासाठी मोठा वक्ता हवा असतो. अशा कार्यक्रमांची व्यवस्था बघणं हे माझं काम आहे, आणि दर हंगामात त्याच चुका नव्या माणसांच्या हातून होताना मी बघतो. नवी मुलं राबतात, जीव तोडून काम करतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार घाईची आहे. वक्त्याचा फोटो फ्लेक्सवर चढवायला सगळे तयार असतात, त्याला नीट पत्र लिहायला मात्र कोणी बसत नाही.

"बघू, जमवू" हा होकार नव्हे

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीनं होतं.

एका उद्योजक संघटनेची वार्षिक परिषद होती. वक्ते बंगळूरुचे, नाव मोठं. परिषदेच्या आठवड्यात सचिवांचा फोन आला, "भाऊ, सर येत नाही म्हणतात, काही तरी करा." मी विचारलं, होकाराचं पत्र आहे का? त्यांनी मोबाइल पुढे केला. वक्त्यांचा व्हॉट्सॲप मेसेज होता: "नमस्कार, विषय चांगला आहे. डिसेंबरमध्ये जमवू या." त्याखाली सचिवांनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं होतं, त्यावर वक्त्यांचा एक अंगठा. एवढ्या भांडवलावर फ्लेक्स लागले होते, निमंत्रणपत्रिका वाटून झाल्या होत्या, प्रायोजकांकडून पैसे आले होते. वक्त्यांना तारीख कधी सांगितलीच गेली नव्हती. त्यांच्या कार्यालयानं तो दिवस कोइम्बतूरच्या दुसऱ्या कार्यक्रमाला देऊन टाकला होता, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

शेवटी इथल्याच एका प्राध्यापक मॅडम दोन दिवसांच्या तयारीवर उभ्या राहिल्या आणि फार सुंदर बोलल्या. पाहुण्या वक्त्यासाठी ठेवलेलं मानधन त्यांना द्यावं, असं मात्र संघटनेला वाटलं नाही. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छावर बोळवण झाली. "मॅडम आपल्याच आहेत," असं मला सांगण्यात आलं. याचा मला आजही राग येतो. आपल्या गावचा माणूस अडचणीला धावून आला, तर त्याला बाहेरच्यापेक्षा एक रुपया जास्त द्यावा, कमी नाही.

मी पहिल्या पत्रातच सगळं लिहितो. तारीख वारासकट, वेळ, सभागृह, विषय, भाषणाला किती मिनिटं, प्रश्नोत्तरं आहेत की नाहीत, समोर कोण आणि साधारण किती जण बसणार, मानधन किती, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च कोणाकडे. शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: "कृपया अमुक तारखेपर्यंत ईमेलने होकार कळवावा, तोवर आम्ही आपलं नाव कुठेही जाहीर करणार नाही." या वाक्याचा फायदा दोन्हीकडून होतो. वक्त्याला कळतं की समोरचा माणूस गंभीर आहे, आणि कार्यकर्त्यांचे हात फ्लेक्सवाल्याकडे जायचे थांबतात. ईमेल आली की साधा दोन पानी करार पाठवायचा. व्हॉट्सॲप गाडीचा नंबर कळवायला वापरा, करार करायला नको.

"मानधनाचं आपण बघून घेऊ, सर"

हे वाक्य आपल्याकडे नम्रता म्हणून बोललं जातं. वक्त्याला त्याचा त्रास होतो. त्याला स्वतःहून आकडा विचारावा लागतो आणि तो संकोचतो, किंवा मनात एक आकडा धरून येतो आणि पाकीट उघडल्यावर नाराज होतो. पैसे द्यायची ऐपत नसेल तर तेही स्पष्ट लिहा: "मानधन देऊ शकत नाही, प्रवास आणि मुक्कामाची व्यवस्था करू." चांगल्या कामासाठी बिनमानधन येणारे लोक खूप आहेत. त्यांना अंधारात ठेवलेलं आवडत नाही, एवढंच.

आकडा ठरला की तो कर धरून आहे की हातात पडणारा, हे लिहा. संस्था किंवा कंपनी व्यावसायिक फी देते तेव्हा साधारणपणे १० टक्के टीडीएस, म्हणजे फी देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापावा लागतो. एका वर्षात एका व्यक्तीला दिलेली फी ५०,००० रुपयांच्या वर गेली की हे लागू होतं. १ एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३०,००० होती. म्हणजे १ लाख ठरले तर खात्यात ९०,००० जातील. वक्त्याला हातात पूर्ण १ लाख हवे असतील, तर तुमच्या अंदाजपत्रकात सुमारे १,११,१११ धरावे लागतील. वक्ता जीएसटी नोंदणीकृत असेल तर १८ टक्के वरून: बिल १,१८,००० चं, टीडीएस मूळ १ लाखावर १०,०००, आणि द्यायचे १,०८,०००. पॅन आधीच मागून घ्या, पॅन नसेल तर कपात २० टक्क्यांवर जाते. तुमच्या संस्थेला टॅन, म्हणजे टीडीएस कापून भरण्यासाठी लागणारा क्रमांक, आहे का, हेही त्याच दिवशी लेखापालांना विचारा. कार्यक्रम झाल्यावर खजिनदारांनी "आता दहा हजार कापावे लागतील" असा फोन करणं फार वाईट दिसतं.

तारखेआधी शहर बघा

डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. त्या दिवसांत चांगल्या हॉटेलांत खोल्या मिळत नाहीत, मुंबईच्या विमानांची तिकिटं महागतात आणि मोर्चांमुळे सिव्हिल लाइन्स, सीताबर्डीकडचे रस्ते वळवलेले असतात. सिव्हिल लाइन्समधल्या देशपांडे सभागृहात कार्यक्रम ठेवून वक्त्याला वर्धा रोडच्या हॉटेलात उतरवलं असेल, तर सकाळी किती वेळ हातात ठेवायचा याचा विचार करा. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात, तेव्हा रेल्वेचं आरक्षण आणि शहरातला मुक्काम दोन्ही कठीण.

दिल्लीचा वक्ता डिसेंबर-जानेवारीत असेल तर त्याला आदल्या दिवशीच आणा. धुक्यात सकाळची विमानं खोळंबतात. एका मुक्कामाचे पैसे वाचवायला सकाळच्या विमानावर विसंबणारे आयोजक मला समजत नाहीत.

वक्त्याची वेळ खाणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण इथे माणूस आलेला असतो, तयारी करून आलेला असतो, आणि आपणच त्याला बोलू देत नाही.

एका परिषदेचं उद्घाटन साडेदहाला होतं. बीजभाषण सव्वाअकराला, पाऊण तासाचं. वक्ते पुण्याहून आले होते, दुपारचं परतीचं विमान होतं, आणि हे सगळं करारात लिहिलेलं होतं. एक मान्यवर उशिरा येणार म्हणून अकरा वाजेपर्यंत थांबणं झालं. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मंचावरच्या प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह, प्रत्येक सत्काराला वेगळा सत्कारकर्ता, प्रत्येकाचा थांबून फोटो. प्रास्ताविक लांबलं. मुख्य प्रायोजकांना "दोन शब्द" दिले, ते वीस मिनिटं बोलले. स्मरणिकेचं प्रकाशन पत्रिकेत नव्हतं, तेही झालं. वक्ते उभे राहिले तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते. पंधरा मिनिटं होतात न होतात तोच सूत्रसंचालकानं चिठ्ठी सरकवली: "सर, कृपया आवरतं घ्या, जेवण तयार आहे." त्यांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली, तीन वाक्यांत विषय संपवला आणि खाली बसले. मी विंगेत उभा होतो. पाऊण तासासाठी केलेली त्यांची टिपणं पोडियमवर तशीच राहिली होती, ती मी त्यांना गाडीत नेऊन दिली. त्यांनी धन्यवाद म्हटलं, दुसरं काही बोलले नाहीत.

माझी पद्धत आता पक्की आहे. बीजभाषण उद्घाटनाला जोडत नाही. उद्घाटन, चहा, आणि चहानंतर पहिलं सत्र बीजभाषणाचं. लोक त्यासाठी बसून राहतात, मंच मोकळा असतो, आणि उद्घाटन लांबलं तरी मार चहाच्या वेळेवर बसतो. संस्थेचा आग्रहच असेल की उद्घाटनातच हवं, तर भाषण आधी आणि सत्कार नंतर, असं करारात लिहून घेतो; अध्यक्षांची सही असलेला कागद दाखवला की मंचावर वाद होत नाही. मिनिटांचा तक्ता मोठ्या अक्षरांत छापून एक प्रत सूत्रसंचालकाला, एक अध्यक्षांना, एक माझ्या खिशात. मंचावरच्या सर्वांचं स्वागत एकच व्यक्ती करते. आणि वक्त्याच्या हाती चिठ्ठी द्यायची नाही, हे सूत्रसंचालकाला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवतो. वेळ संपत आल्याचं सांगायचंच असेल तर पहिल्या रांगेतून पाटी दाखवायची, तीही आधी वक्त्याला विचारून.

बाकीच्या चुका

भाषणाचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकायचं असेल तर करारात स्पष्ट परवानगी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार जाहीर भाषणाचा पहिला मालक साधारणपणे भाषण करणाराच असतो. तुम्ही मानधन दिलं म्हणून भाषण तुमचं होत नाही.

कार्यक्रम रद्द झाला तर काय, हे दोन्ही बाजूंनी लिहा. वक्ता आला नाही तर आगाऊ रक्कम परत कधी, आणि तुम्ही रद्द केलं तर त्याला किती. बहुतेक करारांत पहिलं असतं, दुसरं नसतं.

श्रोत्यांची संख्या फुगवू नका. रेशीमबागेच्या सुरेश भट सभागृहाचं नाव ऐकून वक्ता मोठ्या जनसमुदायाची तयारी करतो, आणि समोर पहिल्या काही रांगाच भरलेल्या असतात. दोनशे लोक येणार असतील तर दोनशे सांगा, सभागृहही तेवढंच घ्या.

वक्त्याचा परिचय त्याच्याकडूनच मागवा, इंटरनेटवरून उचलू नका.

सरकारी सेवेतला अधिकारी असेल तर त्याला वरिष्ठांची परवानगी लागू शकते, मानधनाबाबतही. आधी विचारा. परदेशी वक्त्याचा व्हिसा आणि कर दोन्ही वेगळे असतात, ते काम कित्येक महिने आधी हातात घ्या.

मध्यस्थामार्फत बोलणी चालली असतील तर एकदा तरी वक्त्याच्या कार्यालयाशी थेट बोला आणि मध्यस्थाला त्यांनी खरोखर नेमलं आहे का, ते विचारून घ्या.

गेल्या वर्षीच्या कराराची फाइल उघडून नुसतं नाव बदलू नका. जुनी तारीख, जुनं सभागृह आणि आधीच्या वक्त्याचं मानधन तसंच राहून गेलेले कागद मी पाहिले आहेत, आणि त्या कागदांवर सह्याही झालेल्या होत्या.

उरलेले पैसे देण्याची तारीखही करारात हवी. कार्यक्रम झाला की कार्यकर्ते पांगतात, खजिनदार हिशेब मिटवायच्या मागे लागतात, आणि वक्त्याला दोन-दोन महिने आठवणी कराव्या लागतात. मी बिल आदल्या आठवड्यात मागवतो आणि भाषणाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत रक्कम खात्यात जाईल अशी सोय खजिनदारांकडून आधीच करून घेतो. टीडीएसचं प्रमाणपत्र तिमाही संपल्यावर निघतं, ते कोण पाठवणार याचं नाव त्याच दिवशी वक्त्याला कळवतो.