टर्बो घेण्याआधी मॅपवर दोन ठिपके मारा

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, "मोठाच बसवू या, पुढं कामाला येईल," असं कुणी म्हणालं की मी त्याच्या हातात आधी कॅल्क्युलेटर देतो. वाढत्या अंगाचा घ्यायला टर्बो म्हणजे काही पोराचा शर्ट नव्हे.

जुन्या 1.5 लिटर होंडा सिटीचं बघू. क्रँकला (इंजिनाच्या मुख्य दांड्याला) 160 हॉर्सपॉवर पाहिजे. 160 गुणिले 12 (हवा-पेट्रोलचं प्रमाण) गुणिले 0.55 (एका हॉर्सपॉवरमागे तासाला जळणारं पेट्रोल, पौंडात), भागिले 60. उत्तर 17.6, म्हणजे मिनिटाला तेवढे पौंड हवा. 6500 आरपीएमला ती इंजिनात कोंबायची तर मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) साधारण 25 पीएसआय (चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) लागतात. हा एकूण दाब. बूस्ट गेजवर यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा होऊन दिसतो.

इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा) आणि पाइप एखादा पीएसआय खातात, म्हणून टर्बोतून 26 निघायला हवेत. मुंबईत बाहेरची हवा 14.7, आमच्या कोल्हापुरात 13.8 च्या आसपास. त्यातून फिल्टर खातो तो अर्धा वजा करा आणि 26 ला त्यानं भागा: मुंबईत प्रेशर रेशो 1.83, इथं 1.95. महाबळेश्वरला तोच 2.1 च्या वर जातो. घाटात गाडी पळवणाऱ्यानं मुंबईचा आकडा धरू नये.

आता टर्बो कंपनीचा कंप्रेसर मॅप काढा, म्हणजे टर्बो किती हवा किती दाबानं नीट देतो त्याचा आलेख. आडवी हवा, उभा रेशो. पहिला ठिपका 17.6 आणि 1.95 वर. तो 70 टक्के कार्यक्षमतेच्या वर्तुळाच्या आत पडावा. उजव्या कडेला गेला तर टर्बो लहान, नुसती हवा तापवणार. दुसरा ठिपका बहुतेक जण विसरतात. 3000 आरपीएमलाच पूर्ण बूस्ट हवा असेल तर तेव्हा इंजिन जेमतेम 8 पौंड हवा ओढतं. 8 आणि 1.95 चा ठिपका सर्ज लाइनच्या (मॅपची डावी कड, तिच्यापलीकडे हवा उलटी फिरते) डावीकडे गेला की टर्बो मोठा झाला. पाय दाबल्यावर फडफड ऐकू येते आणि थ्रस्ट बेअरिंगची (शाफ्टला पुढं-मागं सरकू न देणाऱ्या) वाट लागते.

टर्बाइन हाउसिंगचा (एक्झॉस्टच्या बाजूच्या डब्याचा) ए/आर, म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेचं क्षेत्रफळ भागिले शाफ्टपासूनचं अंतर, लहान घेतला की पिकअप लवकर, पण वर दम कोंडतो. शहरात चालवायच्या गाडीला मी लहानच सांगतो.

सेकंडहँड घेत असाल तर शाफ्ट बोटांनी धरून पुढं-मागं ओढा. आडवी किंचित हालचाल चालते, कारण बेअरिंगमध्ये तेल नसतं. पुढं-मागं खेळ हाताला जाणवला, किंवा पातं हाउसिंगला घासल्याची चकाकी दिसली, तर भाव न करता परत द्या.