एसएमपीएस बदलताय? आधी १२ व्होल्टचा आकडा बघा

बटण दाबलं तरी कॉम्प्युटर ढिम्म, म्हणजे बऱ्याचदा एसएमपीएस (आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) गेलेला असतो. नवा घेताना मात्र आपण खोक्यावरचा वॅटचा मोठा आकडा बघतो आणि तिथेच फसतो.

१. आधी केबलच्या जोडणीचा फोटो काढून ठेवा. मग वीज बंद करून एसएमपीएसमधून आतल्या भागांना जाणाऱ्या सगळ्या केबल काढा. २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीला तारेच्या तुकड्याने जोडा, मग स्विच लावा. पंखा फिरला तर दोष कदाचित दुसरीकडे आहे. (काही पंखे लोड नसताना फिरतच नाहीत, त्यामुळे हा निकाल अंतिम नाही.)

२. जुन्याच्या लेबलवर १२ व्होल्टचे अँपिअर शोधा आणि १२ ने गुणा. ३० अँपिअर म्हणजे ३६० वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः यावरच चालतात. नव्याचा हा आकडा तेवढा किंवा जास्त हवा. जास्त असल्याने काही जळत नाही, मशीन लागेल तेवढीच वीज ओढतं.

३. माप घ्या. नेहमीचा एटीएक्स (डेस्कटॉपमधला सर्वसाधारण मापाचा) एसएमपीएस १५० मिमी रुंद आणि ८६ मिमी उंच असतो. प्रोसेसरची केबल ४ पिनची की ८, तेही बघा. तयार मिळणाऱ्या काही डेस्कटॉपचे कनेक्टर वेगळेच असतात.

सुट्या केबलचा (ज्याच्या केबल डब्यापासून काढता येतात असा) एसएमपीएस असेल तर जुन्या केबल नव्याला लावू नका. खाच जुळते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि हार्ड डिस्क जळते.