पाळी जातेय, हे घरात कसं सांगावं

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी. बायका शाली गुंडाळून आलेल्या आणि मी वाण देता देता पदराने वारा घेतेय, मानेवरून घामाचे ओघळ. एक काकू कानाशी लागल्या, "सुरू झालं का गं तुझं?" आणि लगेच, "सुटशील एकदाची!" आजीच्या वेळी ते खरंच सुटणं होतं. दर महिन्याचं बाजूला बसणं संपायचं, देवघर मोकळं व्हायचं. पण घामाचं, उडालेल्या झोपेचं कुणी बोलत नसे. ते आपण बोलायचं.

सुरुवात कॅलेंडरने करा. पाळीच्या तारखेला लाल फुली, स्वयंपाकघरातल्याच कॅलेंडरवर. दुधाचा हिशेब तिथेच असतो ना? सलग १२ महिने फुली पडली नाही, की पाळी गेली असं धरायचं. त्याआधी नाही, तोवर दिवसही राहू शकतात, हे लक्षात असू द्या. आपल्याकडे साधारण ४६-४७व्या वर्षी जाते. चाळिशीच्या आत थांबली तर सरळ डॉक्टर गाठा.

नवऱ्याला सांगताना लांबण लावू नका. मी एवढंच म्हटलं, "रात्री अंगातून वाफा निघतात, पंखा लागेल." जानेवारीत, इंदूरला! "मग मी काय कुडकुडू?" दोन दिवस अबोला, मग पांघरुणं वेगळी झाली: माझी सुती चादर, ह्यांची रजई. उशाशी पाणी आणि एक कोरडा सुती गाऊन असू द्या. संध्याकाळचा दुसरा चहा मी सोडला. तिखट शेव मात्र सुटली नाही, आणि ती खाल्ली की वाफ आलीच.

मुलाशी बोलणं जड गेलं. "आई, तू हल्ली सारखी चिडतेस," म्हणाला, तेव्हा सांगून टाकलं. "म्हणजे त्या फुल्या त्याच्या?" एवढं विचारून परत मोबाइलमध्ये.

एक गोष्ट बायका हमखास दडवतात: वर्षभराने पुन्हा दिसलेला डाग. "परत आली वाटतं," म्हणून हसण्यावारी नेऊ नका. थेंबभर असला तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. गर्भाशयाच्या कर्करोगाचं पहिलं लक्षणही तेच असतं. मला दीड वर्षाने दिसला. सोनोग्राफी झाली, पुढच्या तपासण्या झाल्या, साधा पॉलिप, म्हणजे मांसाची छोटीशी वाढ, निघाला. जाताना गेल्या वर्षीचं आणि चालू, दोन्ही कॅलेंडरं पिशवीत घाला. माझ्या डॉक्टरीणबाईंनी फुल्या मोजल्या आणि म्हणाल्या, "दूध फार घेता हो तुम्ही!"